चौदा वर्षांच्या आकृत्या घेऊन

गेली चौदा वर्षं मी विज्ञानाच्या पुस्तकांसाठी आकृत्या काढते. फुलाचा उभा छेद, हृदयाचे चार कप्पे, वनस्पतीपेशी, डोळा, मूत्रपिंड. या कामात फाइल कधी पूर्ण होत नाही. पुस्तक छापून जातं, दोन वर्षांनी नवी आवृत्ती निघते, कुणीतरी म्हणतं की झडप अजून स्पष्ट हवी किंवा एक नाव बदलायचंय, आणि जुनी फाइल पुन्हा उघडावी लागते. माझ्याकडे अशा फाइली नऊशेच्या वर आहेत आणि त्या जवळजवळ सगळ्या इलस्ट्रेटर या रेखाटनाच्या सॉफ्टवेअरमध्ये केलेल्या आहेत.

यंदा इलस्ट्रेटरची वर्गणी भरायची तारीख सहा आठवड्यांवर आली तेव्हा ठरवलं की या वेळी पैसे आपोआप कापले जाऊ द्यायचे नाहीत, आधी नीट विचार करायचा. प्रश्न पैशांचा थोडा होता, धास्ती वेगळीच होती. मी शिकले तेव्हा हे सॉफ्टवेअर एकदा विकत घेऊन वापरता यायचं. २०१२ची सीएस६ ही तशी शेवटची आवृत्ती, २०१३च्या मे महिन्यात पुढचं सगळं वर्गणीवर चालेल असं जाहीर झालं. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं, आणि आजही ते सॉफ्टवेअर मी मनापासून चांगलं मानते. पण वर्गणी थांबली की फाइली माझ्या डिस्कवर राहतात आणि त्या उघडायचं दार मात्र बंद होतं, हे मी कधी शांतपणे बसून पाहिलं नव्हतं.

ही धास्ती कुठून आली तेही सांगते. ज्या बाईंच्या हाताखाली मी शिकले त्या फ्रीहँड नावाच्या रेखाटनाच्या सॉफ्टवेअरवर काम करायच्या. त्यांच्यासारखा एका ओघात जाणारा वक्र मी आजवर दुसऱ्या कुणाचा पाहिलेला नाही. फ्रीहँड बनवणारी मॅक्रोमीडिया कंपनी २००५मध्ये विकली गेली आणि २००७मध्ये फ्रीहँडची पुढची आवृत्ती येणार नाही हे स्पष्ट झालं. बाईंनी एक जुना संगणक केवळ त्या फाइली उघडण्यासाठी जपून ठेवला होता. त्याला इंटरनेट नाही, अपडेट नाही, त्यावर धुळीचं कापड. एक दिवस तो सुरूच झाला नाही. बाईंकडे छापील पुस्तकं होती, पण एकही रेषा हलवता येईल असं काही उरलं नव्हतं.

पर्याय म्हणून माझ्या मनात इंकस्केप हे रेखाटनाचं खुलं सॉफ्टवेअर होतं. कोरलड्रॉचा विचार एका संध्याकाळपुरता केला. ते मला बऱ्यापैकी येतं, पण एका बंद साच्यातून दुसऱ्या बंद साच्यात जाऊन माझा मूळ प्रश्न सुटत नव्हता. इंकस्केपची फाइल म्हणजे एसव्हीजी, आकृती साठवायचा एक साचा, आणि एसव्हीजी हे २००१पासून वेबचे नियम ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेचं खुलं मानक आहे. ते कुणा एका कंपनीच्या मालकीचं नाही. इंकस्केप २००३मध्ये सुरू झालं, पण माझ्यासारखीला ते गांभीर्यानं घ्यावंसं वाटलं ते २०२०मध्ये त्याची पहिली पूर्ण आवृत्ती आल्यावर. २०२२मध्ये एका फाइलीत अनेक पानं ठेवायची सोय आली आणि २०२३मध्ये आकार जोडणारं ते साधन आलं, ज्याच्यावाचून माझं पान हलत नाही.

तुलनेचे तक्ते वाचायचे नाहीत हे पहिल्याच दिवशी ठरवलं. त्यांत शंभर सोयींसमोर बरोबर-चूकच्या खुणा असतात आणि त्यातल्या ऐंशी मी आयुष्यात वापरत नाही. त्याऐवजी माझीच तीन जुनी कामं निवडली: फुलाचा छेद रेखाटनासाठी, वनस्पतीपेशीच्या आकृत्या त्यांतल्या नावांसाठी, आणि हृदयाचं एक पान चार रंगांत छापायला द्यायचं म्हणून. ही तिन्ही नव्या सॉफ्टवेअरमध्ये पहिल्यापासून करायची, आणि जोडीला जुन्या फाइली तिथे उघडून काय होतं ते पाहायचं.

पहिला धक्का जुन्या फाइलींनीच दिला. इलस्ट्रेटरच्या फाइलीत २०००सालच्या नवव्या आवृत्तीपासून आत पीडीएफचा एक भाग असतो आणि दुसरी सॉफ्टवेअर तोच भाग वाचतात. फाइल जतन करताना त्यासाठी एक खूण असते. पहिल्या चाळीस फाइली उघडल्या, त्यातल्या अकरांत चित्र नव्हतंच. नुसतं कोरं पान आणि त्यावर एक सूचना, की ही फाइल पीडीएफ मजकुराशिवाय जतन केलेली आहे. मग आठवलं. पूर्वी डिस्कवर जागा कमी होती म्हणून फाइल हलकी व्हावी यासाठी ती खूण मीच काढायचे. बरीच वर्षं काढत होते. वर्गणी संपल्यावर हे कळलं असतं तर त्या आकृत्यांची नुसती नावं माझ्याकडे उरली असती.

त्या आठवड्यात बाकी काही केलं नाही. इलस्ट्रेटरमध्ये एकेक फोल्डर घेऊन फाइली उघडायच्या, खूण करायची, पुन्हा जतन करायच्या. या कृतींची ॲक्शन नोंदवून ठेवली म्हणून बरंचसं काम रात्री आपोआप होत गेलं, पण हरवलेल्या फाँटची विचारणा आली की तिथेच थांबायचं. सॉफ्टवेअर बदलायचा विचारसुद्धा नसला तरी हे काम प्रत्येकानं करून ठेवावं असं मला कळकळीनं वाटतं.

ज्या फाइली उघडल्या त्यांतले वक्र जसेच्या तसे होते. एकही बिंदू हललेला नव्हता. रंगही नीट आले. मोडली होती ती नावं. पीडीएफमध्ये मजकूर चिन्हांच्या आकारांनी साठवलेला असतो, त्यामुळे 'पेशीभित्तिका' दिसायला अचूक दिसे, पण बदलायला म्हणून त्यावर क्लिक केलं की सुटे तुकडे हाती यायचे. वेलांटी एकीकडे, अर्धा त दुसरीकडे. ज्या आकृतीतली नावं बदलता येत नाहीत ती माझ्या दृष्टीनं छायाचित्रासारखीच.

म्हणून दुसरी वाट घेतली: इलस्ट्रेटरमधूनच एसव्हीजी काढायची आणि मजकूर मजकूरच ठेवायचा. नावं शाबूत आली, पण अख्खी आकृती लहान झाली. मोजून पाहिलं तर १०० मिलिमीटरची आकृती ७५ची झालेली. दोन दिवस मी त्यात अडकले. मग उलगडलं की इलस्ट्रेटर एका इंचात ७२ पिक्सेल धरतं आणि इंकस्केप ०.९२ आवृत्तीपासून वेबच्या नियमाप्रमाणे ९६ धरतं. दोघांचंही आपापल्या जागी बरोबर आहे. सगळं निवडून १३३.३३ टक्के केलं की आकृती जागेवर येते. हे लक्षात आलं नसतं तर ८ पॉइंटची नावं ६ पॉइंटची होऊन छापली गेली असती आणि पाचवीतल्या मुलाला ती वाचता आली नसती.

२०१४च्या आधीच्या फाइलींची गोष्ट निराळी. त्या काळी मी युनिकोडपूर्व फाँट वापरायचे. पडद्यावर देवनागरी दिसायची, आत मात्र रोमन अक्षरं असायची आणि फाँट त्यांना देवनागरीचा पोशाख चढवायचा. तो फाँट नसला की 'पुंकेसर'च्या जागी अर्थ नसलेली अक्षरं येतात. यावर कुठल्याही सॉफ्टवेअरकडे उपाय नाही. नावं पुन्हा टाइप करायची, एवढंच.

आता नवं काम. युनिकोड देवनागरीसाठी इलस्ट्रेटरमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर हा अक्षरजुळणीचा पर्याय निवडावा लागतो, नाहीतर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसते आणि जोडाक्षरं सुटतात. दुसऱ्या कुणाकडून आलेली फाइल असली की मी आधी तेच तपासते. इंकस्केपमध्ये पँगो आणि हार्फबझ ही दोन इंजिनं अक्षरजुळणी सांभाळतात. कसलीही मांडणी न करता 'भित्तिका', 'सूर्यप्रकाश', 'स्त्रीकेसर', 'दुसऱ्या' असं टाइप केलं. रफार, वेलांटी, ऱ्या, सगळं पहिल्याच फटक्यात जिथल्या तिथे. मी खुर्चीत मागे टेकून ते शब्द नुसती पाहत बसले. माझं अर्धं काम नावांचं आहे, हे बाहेरच्यांना सांगून पटत नाही.

हाताच्या सवयीचं म्हणाल तर पहिले चार दिवस फार जड गेले. बोटांना पेनसाठी 'पी' माहीत, इथे 'बी'. बिंदू हलवायला 'ए' दाबायची सवय, इथे 'एन'. इंकस्केपच्या पसंतींमध्ये कीबोर्डचा संच बदलता येतो. ती यादी उघडली, त्यात इलस्ट्रेटरचा संच होता, कोरलड्रॉचा होता, आणि खाली फ्रीहँडचाही होता. मी तिथेच थांबले. बाईंच्या बोटांना ज्या कळा पाठ होत्या त्या अजून कुणीतरी सांभाळून ठेवल्या आहेत. बाई आता काम करत नाहीत. त्यांना फोन करून सांगितलं तेव्हा त्या क्षणभर गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "अगं, मग मला एकदा येऊन दाखव."

मी स्वतः दोन दिवस इलस्ट्रेटरचा संच लावून पाहिला आणि काढून टाकला. शिकायला जी माहितीपत्रकं उघडावी त्यांत इंकस्केपच्याच कळा असतात, आणि मग डोकं सतत एकीतून दुसरीत भाषांतर करत राहतं. नव्या घरात जुन्या घराचा नकाशा धरून चालण्यापेक्षा चार दिवस ठेचा लागू द्याव्यात. तसंच झालं, दुसऱ्या आठवड्यात बोटं वळली.

फुलाच्या छेदात मजा आली. एक पाकळी काढायची, तिच्यावर गोल फिरवून प्रती काढणारा पाथ इफेक्ट लावायचा, पाच पाकळ्या तयार. मूळ पाकळीचा एक बिंदू हलवला की पाचही बदलतात, आणि हे नंतर कधीही बदलता येतं. क्लोन, म्हणजे मूळ आकाराशी जोडलेल्या प्रती, त्याही तशाच. पानावरची पर्णरंध्रं एकदा काढून शंभर ठिकाणी ठेवली आणि मग मुळातल्या रक्षक पेशी जरा जाड केल्या तर सगळीकडे जाड झाल्या.

हृदयानं मात्र अडवलं. रक्तवाहिन्या काढताना मी एकाच रेषेला दोन कडा देते, खाली रुंद गडद आणि वर अरुंद फिकी, म्हणजे नळी भासते. इलस्ट्रेटरच्या अपीअरन्स पॅनेलमध्ये एका पाथला हव्या तितक्या कडा देता येतात. इंकस्केपमध्ये एका वस्तूला एक भरण आणि एक कड, बस. दोन रेषा एकावर एक ठेवाव्या लागतात आणि महाधमनीचं वळण बदललं की दोन्ही बदलाव्या लागतात. क्लोन वापरून वाट निघते, पण ती वाट आहे, रस्ता नव्हे. ही उणीव मला आजही जाणवते.

आणि मग छपाई. इथेच निर्णय होणार हे मला आधीपासून दिसत होतं.

हृदयाचं पान इंकस्केपमधून पीडीएफ करून छपाईपूर्व काम पाहणाऱ्या गृहस्थांकडे पाठवलं. तासाभरात फोन आला. "मॅडम, तुमचा काळा चार प्लेटांत फुटलाय." इंकस्केप आरजीबीत, म्हणजे पडद्याच्या लाल-हिरव्या-निळ्या रंगांत काम करतं, त्याची पीडीएफही आरजीबी असते. छपाईसाठी ती सीएमवायकेत बदलली की साधा काळा निळ्या, किरमिजी, पिवळ्या आणि काळ्या अशा चारही शायांचा मिळून बनतो. मोठ्या पट्टीला ते चालतं, उलट खुलून दिसतं. पण ७ पॉइंटच्या 'निलय' या शब्दाला नाही. चारातली एक प्लेट केसभर सरकली तरी वेलांटीला रंगीत काठ येतो, आणि 'अलिंद'मधल्या अनुस्वाराचा टिंब म्हणजे एक धूसर ठिपका होतो. नावं निव्वळ काळ्या शाईतच छापली गेली पाहिजेत, त्याला दुसरा पर्याय नाही.

त्यांनीच सुचवलं, स्क्राइबस या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमधून आणा. एसव्हीजी स्क्राइबसमध्ये घ्यायची, रंगांच्या यादीत जाऊन काळा म्हणजे काळी शाई १०० आणि बाकी तिन्ही शून्य असं करायचं, लाल-निळ्याचीही छपाईची मूल्यं भरायची आणि पीडीएफ/एक्स, म्हणजे खास छपाईसाठीची पीडीएफ काढायची. त्याआधी नावांची एक प्रत पाथमध्ये, म्हणजे नुसत्या आकारांत बदलून घ्यायची म्हणजे अक्षरजुळणीचा धोका नको. मऊ सावल्यांचे फिल्टर या वाटेत टिकत नाहीत, म्हणून त्या जागी ग्रेडियंट वापरायचे. तसं केलं, आणि दुसरी पीडीएफ त्यांनी एका शब्दात मान्य केली.

घड्याळ लावून पाहिलं: एका आकृतीला वीस मिनिटं. हातात असलेल्या पुस्तकाच्या दुसऱ्या भागात साठ आकृत्या आहेत, म्हणजे वीस तास निव्वळ रंग बदलण्यात, आणि तेही मुदत तोंडावर असताना. इलस्ट्रेटरमध्ये हा प्रश्नच येत नाही, तिथे फाइल पहिल्यापासून सीएमवायकेत असते. त्या रात्री मी वहीत लिहून ठेवलं की बदलायचं नाही.

वहीतलं ते वाक्य आठवडाभर टिकलं. मग संपादिकाबाईंचा निरोप आला. "ताई, पेशीच्या आकृत्यांत 'हरितद्रव्य' लिहिलंय तिथे 'हरितलवक' हवं." त्यांचं बरोबर होतं. हरितद्रव्य हे रंगद्रव्य, आणि आकृतीतली रेघ ज्या अंगकाकडे जाते ते हरितलवक. नऊ आकृत्या होत्या. चाचणीसाठी त्या मी इंकस्केपमध्ये करून ठेवल्या होत्याच. सहज मनात आलं म्हणून त्यातली एक फाइल साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडली.

आत आकड्यांच्या ओळी होत्या, वक्रांचे बिंदू. त्यांच्यामध्ये मी थरांना दिलेली नावं, आणि मग स्वच्छ देवनागरीत: केंद्रक, रिक्तिका, तंतुकणिका, पेशीभित्तिका, हरितद्रव्य. माझं काम मला असं कधी वाचता आलं नव्हतं. चौदा वर्षं ते एका पेटीत होतं आणि पेटीची किल्ली दुसरीकडे. इथे कुठलंही सॉफ्टवेअर नसलं, साधं अक्षर दाखवणारं काहीही असलं, तरी माझ्या आकृतीत काय आहे ते कुणालाही समजेल.

शोधा आणि बदला. प्रत्येक ठिकाण डोळ्यांखालून घातलं, कारण एका आकृतीखालच्या ओळीत 'हरितद्रव्यामुळे पान हिरवं दिसतं' असं वाक्य होतं आणि तिथे तोच शब्द हवा होता. नवा शब्द थोडा लांब, पण नावं रेघेच्या टोकाला उजवीकडून टेकवलेली असल्यानं जागेवर राहिली. दहा मिनिटांत नऊ फाइली झाल्या.

यानंतर मी प्रश्नच वेगळा विचारू लागले. कुठलं सॉफ्टवेअर चांगलं, हे बाजूला ठेवलं. माझ्या कामातलं काय दहा-वीस वर्षांनी माझ्या हाताला लागायला हवं आणि काय एकदा छापून झालं की संपलं तरी चालेल? रंगांचं रूपांतर, ओव्हरप्रिंट, प्लेटा हे त्या त्या छपाईपुरतं असतं. पुढच्या वेळी कागद बदलतो, छापखाना बदलतो, ते पुन्हा करावंच लागतं. वक्र आणि नावं मात्र टिकायला हवीत. म्हणजे मूळ आकृती एसव्हीजीत असावी, आणि छपाईची प्रत कशातही बनो.

संपादिकाबाईंना विचारलं की करारात 'संपादनयोग्य मूळ फाइल' असं आहे, तिथे एसव्हीजी चालेल का. त्यांनी मांडणी करणाऱ्यांना विचारून कळवलं की चालेल. त्यांचं काम इनडिझाइनमध्ये आहे आणि ते २०२०च्या आवृत्तीपासून एसव्हीजी घेतं. छपाईसाठी पीडीएफ/एक्स सोबत द्या, एवढंच त्यांचं म्हणणं.

मग असं ठरलं. दुसरा भाग सुरू केला तसाच इलस्ट्रेटरमध्ये पूर्ण करायचा. मुदतीच्या तोंडावर घोडा बदलायचा नाही. त्यासाठी वर्षाची वर्गणी न भरता महिन्या-महिन्याची घेतली. या महिन्यांत जुन्या फाइली एकेक करून एसव्हीजीत आणायच्या. नवं प्रत्येक काम मात्र पहिल्या रेषेपासून इंकस्केपमध्ये, आणि रंगांसाठी स्क्राइबस. वीस मिनिटं आता बारावर आली आहेत, कारण माझे ठरलेले चोवीस रंग एकदाच भरून ठेवले. दुहेरी कडेच्या रक्तवाहिन्यांसाठी मात्र अजून मनासारखा उपाय सापडलेला नाही.

काल रात्री मानवी डोळ्याची फाइल उघडली. माझ्या सुरुवातीच्या कामांपैकी ती एक. पापण्यांच्या केसांचे वक्र जरा घाबरत काढलेले दिसतात. नावांच्या जागी रोमन अक्षरांची रांग होती. शेजारी छापील पुस्तक उघडून ठेवलं आणि एकेक करून टाइप केलं: पारपटल, परितारिका, भिंग, दृष्टिपटल. नाव बदललं, १३३.३३ टक्के केलं, जतन केलं. दोनशे साठ फाइली बाकी आहेत. रविवारी लॅपटॉप घेऊन बाईंकडे जायचंय, त्यांना फ्रीहँडच्या कळा लावून द्यायच्यात.